कोऱ्या पानावरची सही

(नंदुरबारमध्ये तरुण पालकांच्या एका छोट्या बैठकीत केलेल्या भाषणाचा हा संपादित मजकूर.)



मला विषय दिला होता, ‘पालकांनी शाळेला मदत कशी करावी’. त्यातल्या ‘मदत’ या शब्दावर मी अडलो. का, ते ओघात सांगतो. आधी एक कबुली देऊन टाकतो.

मी सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे. आमच्या कामात एक साधा नियम असतो. दुसऱ्यानं लिहिलेला प्रोग्राम वाचल्याशिवाय त्याला मंजुरी द्यायची नाही, मग तो दहा ओळींचा असो की हजार ओळींचा. हा नियम मी बारा-तेरा वर्षं पाळतोय. आणि चार वर्षांपूर्वी, माझ्या मुलीच्या शाळेत, मी एका कोऱ्या पानावर सही केली.

झालं असं. सकाळी पावणेदहाला व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप आला की अकरा वाजता शाळा व्यवस्थापन समितीची बैठक आहे. मी घरूनच काम करतो, म्हणून जाऊ शकलो. ऑफिसात आम्ही पाच जण. मुख्याध्यापक, एक बाई आणि तीन पालक. चहा झाला, फोटो झाला आणि इतिवृत्ताची वही फिरली. वर तारीख, खाली सदस्यांची नावं ओळीनं लिहिलेली, मधली सगळी जागा रिकामी. “सर, तुम्ही सही करा, मजकूर मी नंतर लिहितो,” मुख्याध्यापक म्हणाले. मी केली. उरलेल्या सह्या आणायला एका मुलाला वही देऊन घरोघरी पाठवलं.

त्या नावांमध्ये आमच्या गल्लीतल्या एका खालांचं नाव होतं. संध्याकाळी मी त्यांना विचारलं, तुम्ही शाळेच्या समितीवर आहात? त्या हसल्या. “कायकी कमेटी? छोकरा वही लेके आता, मैं अंगूठा देती. मेरे कू लगा खिचडी का कुछ होएंगा.” दोन वर्षं त्या समितीच्या सदस्य होत्या आणि हे त्यांना माहीतच नव्हतं. त्यांना हसायचा मला हक्क नव्हता. त्यांनी न वाचता अंगठा दिला, मला वाचता येत असून मी सही दिली.

आता ही समिती म्हणजे काय, ते थोडक्यात. २००९ चा शिक्षण हक्काचा कायदा, जो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, त्याच्या कलम २१ मध्ये ती आहे. सरकारी, जिल्हा परिषदेच्या, नगरपालिकेच्या आणि अनुदानित शाळेत ती असावीच लागते. तिच्यात किमान ७५ टक्के सदस्य मुलांचे आई-वडील किंवा पालक असतात. निम्म्या जागा बायकांच्या. दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा. आपल्या राज्याच्या नियमांप्रमाणे समिती १२ ते १६ जणांची, अध्यक्ष पालकांमधलाच, मुख्याध्यापक सचिव, महिन्यातून किमान एक बैठक आणि दर दोन वर्षांनी पालकसभेत नव्यानं निवड. कामं तीन मोठी: शाळेच्या कामकाजावर देखरेख ठेवणं, शाळेचा विकास आराखडा करणं आणि आलेला पैसा कसा खर्च होतो ते बघणं.

म्हणजे बघा, चार खुर्च्यांपैकी तीन कायद्यानं आपल्यासाठी ठेवलेल्या आहेत. ज्याची स्वतःची खुर्ची आहे तो तिथे बसला, तर त्याला ‘मदत करायला आला’ असं म्हणत नाहीत. म्हणून मी त्या शब्दावर अडलो.

ही खुर्ची रिकामी का राहते, हा प्रश्न मला माझ्या अब्बांपाशी घेऊन जातो. ते सायकली दुरुस्त करायचे. माझ्या शाळेत ते आयुष्यात दोनदा आले. एकदा नाव घालायला, एकदा दाखला काढायला. नाव घालताना गुरुजींना म्हणाले, “मास्तर, चमडी तुमची, हाडं आमची.” तुमच्यातल्या कित्येकांनी हे वाक्य घरात उर्दूत ऐकलं असेल, गोश्त आपका, हड्डी हमारी. त्यात गुरुजींवरचा विश्वास होता, तो मी नाकारत नाही. पण पोरगं सोपवलं, आता आपलं काम संपलं, हाही अर्थ त्यात होता. चमडीचा प्रश्न त्याच कायद्याच्या कलम १७ नं मिटवला, मुलांना मारायला बंदी झाली. सोपवून मोकळं व्हायची सवय मात्र कुठलं कलम घालवू शकत नाही. आणि शाळेतून बोलावणं आलं की पोरानं काहीतरी उपद्व्याप केला असणार, हीच अजून आपली पहिली समजूत असते.

महिनाभरानं मी मुख्याध्यापकांकडे गेलो. तक्रार करायला गेलो होतो, खरं सांगतो. त्यांनी आपला मोबाइल माझ्यासमोर धरला. एकामागून एक निरोप: ही माहिती आज चारपर्यंत भरा, ती लिंक उघडा, याचे फोटो पाठवा. सात वर्ग आणि चार शिक्षक, त्यातले ते स्वतः एक. “बारा जणांना बोलावतो, दोघं येतात. बैठक झाली नाही असं लिहू? मग मलाच नोटीस. म्हणून पान कोरं ठेवतो,” ते म्हणाले. मला उत्तर सुचलं नाही. कोरं पान त्यांनी ठेवलं होतं, पण ते कोरं राहण्यात आमच्या न येण्याचा वाटा त्यांच्याहून मोठा होता.

मग आम्ही बैठकीच्या वेळेपासून सुरुवात केली. नंदुरबारच्या मिरचीच्या पथाऱ्या काय असतात ते तुम्हाला सांगायला नको. माझ्या अम्मीनं तिथे मिरचीचे देठ खुडले आहेत. रात्री तिचे हात पाण्यात बुडवले तरी आग थांबायची नाही. आमच्या शाळेतल्या कितीतरी आया हंगामात तिथेच असतात. अकरा वाजता बैठक ठेवायची म्हणजे त्यांना सांगायचं की आजची मजुरी सोडा आणि या. शुक्रवारी दुपारी ठेवली तर आपले पुरुष नाहीत. बाजाराच्या दिवशी ठेवली तर हातगाडीवाले नाहीत. शेवटी महिन्यातल्या एका रविवारची सकाळ ठरली. निरोप लिहून नाही, बोलून पाठवायचा, कारण ग्रुपवर असलेल्या अर्ध्या लोकांना लिहिलेलं वाचता येत नाही, आणि तो दोन दिवस आधी पाठवायचा. आणि इतिवृत्त तिथल्या तिथे लिहून, मोठ्यानं वाचून दाखवल्याशिवाय कुणी सही करायची नाही.

पहिल्या रविवारी नऊ जण आले, त्यांत सहा बायका. अर्धा तास कुणी काही बोललं नाही. मी आपला आराखडा, अनुदान असले शब्द फेकत होतो. मग एक भिल्ल समाजाची आई भिलीत काहीतरी म्हणाली, शेजारणीनं ते मराठीत सांगितलं: पोरींच्या संडासाला आतून कडी नाही.

बस्स. कागदावर आमच्या शाळेत मुलींसाठी स्वच्छतागृह ‘उपलब्ध’ होतं. कागद खोटाही नव्हता. चार भिंती होत्या, दरवाजा होता. कडी आहे का, असा रकानाच नव्हता. सहावी-सातवीच्या मुली दुपारनंतर घरी का जातात, याचं कारण आम्ही अभ्यासात शोधत होतो. माझी मुलगी तेव्हा पहिलीत होती, तिनंही मला कधी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. एका मुलाचे वडील फॅब्रिकेशनचं काम करतात. त्यांनी त्याच आठवड्यात दरवाजा उतरवून नेला, खालचा कुजलेला पत्रा बदलला, आतून कडी आणि बाहेरून कोयंडा लावून परत बसवला. त्या माणसाला त्याआधी शाळेनं फक्त पंधरा ऑगस्टच्या जिलेबीसाठी वर्गणी मागायला फोन केला होता.

आपल्या पालकांचं शिक्षण किती, असं विचारण्यापेक्षा त्यांना काय येतं असं विचारलं तर यादी लांब होते. आमच्या समितीत वायरमन आहेत, शिलाईकाम करणाऱ्या दोन बहिणी आहेत, एक रिक्षावाले भाई आहेत जे गल्लीतलं कुठलं मूल कुठल्या दिवशी शाळेऐवजी कुठे दिसलं ते अचूक सांगतात. गैरहजर मुलांच्या घरी जायचं काम आम्ही त्यांनाच दिलं. शिक्षक गेले तर घर घाबरतं, हे गेले तर चहा मिळतो.

पोषण आहाराचंही तसंच. पहिली ते पाचवीच्या मुलामागे दिवसाला १०० ग्रॅम धान्य आणि सहावी ते आठवीच्या मुलामागे १५० ग्रॅम, हा हिशोब ठरलेला आहे, आणि अन्नाच्या दर्जावर लक्ष ठेवणं हे व्यवस्थापन समितीचं काम आहे. आमच्याकडे रोज एक आई जेवणाच्या वेळी जाते आणि मुलांआधी चव घेते. मिरचीच्या पथारीवर काम केलेल्या बायकांपुढे तिखटाचा बचाव कोण करणार! पहिल्या महिन्यात स्वयंपाक करणाऱ्या मावशी चिडल्या होत्या. आता त्याच सांगतात की डाळ कमी आलीय, वहीत लिहा.

पैशाबद्दल बोलायला आपण लाजतो. चंदा देताना लाजत नाही, पण हिशोब विचारताना लाजतो. समग्र शिक्षा योजनेतून शाळेला पटाप्रमाणे संयुक्त अनुदान मिळतं. १०१ ते २५० पटाच्या शाळेला वर्षाला ५० हजारांपर्यंत, त्याहून लहान, ३१ ते १०० पटाच्या शाळेला २५ हजारांपर्यंत. त्यातला किमान दहावा भाग स्वच्छतेवर खर्च करायचा असतो. रक्कम मोठी नाही. वीजबिल, खडू, किरकोळ दुरुस्ती यातच संपते. पण कडीचे पैसे त्यात बसत होते, हे आम्हाला कडी लावून झाल्यावर कळलं.

तुमच्या शाळेची नोंदलेली माहिती बघायची असेल तर यूडायसच्या वेबसाइटवर शाळेचा क्रमांक टाका. पट, शिक्षक, खोल्या, पाणी, स्वच्छतागृह, सगळं दिसतं. तो ११ अंकी क्रमांक शाळेच्या दर्शनी भागात असतो. त्यातले पहिले दोन अंक २७, म्हणजे महाराष्ट्र. पुढचे दोन जिल्ह्याचे, आपले ०१. त्या यादीत आपण राज्यात पहिले. २०११ च्या जनगणनेत साक्षरतेत आपण शेवटचे होतो, ६४ टक्क्यांच्या आसपास. ती छापील माहिती घेऊन शाळेत एक चक्कर मारा आणि कागद आणि डोळे जुळतात का ते बघा. मला कामात जी चाचणी करायचा पगार मिळतो, तीच ही.

आता एक सावधगिरीची गोष्ट. ती मी स्वतः ठेच लागून शिकलो. आमच्या शाळेत सहावी-सातवीला गणित-विज्ञानाचा शिक्षक नव्हता. कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे सहावी ते आठवीच्या वर्गांना विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रं आणि भाषा यांचा प्रत्येकी किमान एक शिक्षक हवा. मी उत्साहानं शनिवारी गणित शिकवायला लागलो. मुलांना आवडलं, मलाही आवडलं, फोटो निघाले. पाच महिन्यांनी लक्षात आलं की रिकाम्या जागेबद्दल आता कुणीच बोलत नाही. भागतंय ना! माझ्या शनिवारच्या एका तासानं सरकारची एक जागा झाकली होती. मग समितीनं ठराव केला आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांना पत्र दिलं. मी शिकवणं बंद केलं नाही, पण ठरावात स्पष्ट लिहिलं की पालक स्वयंसेवक शिकवतो ही तात्पुरती सोय आहे, जागा रिकामी आहे. शिक्षक अजून मिळालेला नाही. दर तीन महिन्यांनी आम्ही तेच पत्र नवी तारीख घालून देतो. उर्दू माध्यमाच्या शाळांमध्ये हे दुखणं जास्त आहे. तिथे राखीव जागांसाठी उर्दू येणारे उमेदवार मिळत नाहीत आणि जागा वर्षानुवर्षं तशाच राहतात. तिथल्या पालकांनी पदरचे पैसे घालून कुणाला तरी वर्गावर उभं करण्याआधी ठराव करून ठेवावा.

“आमचे पालक अडाणी आहेत, ते काय शाळा बघणार?” हे वाक्य मी शिक्षकांकडून ऐकलंय आणि आपल्या पुढाऱ्यांकडून त्याहून जास्त. त्यावर आपल्याच जिल्ह्यातलं एक उत्तर आहे. अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांत नर्मदेच्या काठावरची गावं, मणिबेली, चिमलखेडी. सरदार सरोवराच्या बुडितात जाणारी. तिथे सरकारी शाळा कागदावर होत्या, गुरुजी डोंगर चढून येत नव्हते. १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत नर्मदा बचाव आंदोलनातल्या गावकऱ्यांनी स्वतःच्या निवासी शाळा सुरू केल्या, त्यांना नाव दिलं जीवनशाळा. बांबू, कूड, कौलं गावानं जमवली. धान्य घराघरांतून आलं. शिक्षक त्यांच्याच समाजातली शिकलेली पोरं. मुलांची सुरुवात घरच्या बोलीतून. पाणी चढलं की शाळा वर हलवायची, पुन्हा बांधायची. त्या आई-वडिलांतल्या बहुतेकांना अक्षरओळख नव्हती. पण शाळा आज भरली की नाही, मुलं जेवली की नाही, गुरुजी शिकवतात की झोपतात, हे कळायला अक्षरओळख लागत नाही. आंदोलनाबद्दल तुमचं मत काहीही असो, शाळेवर पालकांची नजर कशी असते ते बघायला पुण्याला जायची गरज नाही.

आता मी जरा रेंगाळणार आहे, कारण पुढचा विषय आपल्या घराघरांतला आहे आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. शाळेचं जनरल रजिस्टर.

मूल पहिलीत जातं त्या दिवशी त्याची एक ओळ या रजिस्टरात लिहिली जाते. नाव, वडिलांचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख, जन्मगाव, धर्म, जात. पुढे शाळा सोडल्याचा दाखला याच ओळीवरून निघतो. माझ्या ओळीत जातीच्या रकान्यात लिहिलंय ‘मुसलमान’. आम्ही पिंजारी. माझे पणजोबा कापूस पिंजायचे. पिंजारी, तांबोळी, बागवान हे आपल्या राज्यात इतर मागासवर्गात आहेत. पण रजिस्टरात तसं लिहिलेलं नसेल तर दाखला काढताना पुरावा शोधत फिरावं लागतं, आणि तो पुरावा १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा मागतात. गुरुजींनी मुद्दाम काही केलं नव्हतं. त्यांनी विचारलं असेल, जात? अब्बा म्हणाले असतील, मुसलमान. झालं. त्या दोन सेकंदांची किंमत आम्ही इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला खुल्या प्रवर्गाच्या फीमध्ये मोजली, सायकलच्या दुकानातल्या पैशांनी.

शेवटी पुरावा सापडला तो तळोदा तालुक्यातल्या एका खेड्याच्या शाळेत. आजोबा तिथे दुसरीपर्यंत शिकले होते. तिथल्या मुख्याध्यापकांनी दोन दिवस अडगळीच्या खोलीत बसून रजिस्टर शोधलं. १९३८ सालची ओळ, शाई फिकी झालेली, पानाच्या कडा वाळवीनं खाल्लेल्या. जातीच्या रकान्यात स्वच्छ अक्षरात ‘पिंजारी’. वाळवी आणखी दोन बोटं पुढे गेली असती तर मी आज कुठे असतो, मला सांगता येत नाही.

तेव्हा मूल शाळेत घालताना ती ओळ लिहून झाल्यावर वाचा. वाचता येत नसेल तर कुणाला तरी बरोबर न्या. नावाचं स्पेलिंग जन्मदाखल्याशी आणि आधारशी जुळतंय का बघा. शेखचं शैख आणि फातिमाचं फातीमा झालं की पुढे प्रत्येक अर्जाला अडतं. आधार कार्डाची देशातली सुरुवातच आपल्या जिल्ह्यात झाली, शहादा तालुक्यातल्या टेंभलीत, २९ सप्टेंबर २०१० ला. तरी आपल्याच जिल्ह्यात नावं जुळत नाहीत म्हणून मुलं कॅम्पाच्या रांगेत उभी असतात. मूल शाळेत असतानाच मुख्याध्यापकांकडे अर्ज देऊन, शिक्षण खात्याच्या मंजुरीनं चूक सुधारता येते. शाळा सोडल्यावर ते फार अवघड होतं.

आमच्या समितीनं यातून एक काम काढलं. शाळेच्या सगळ्या जुन्या रजिस्टरांच्या पानांचे फोटो. मुख्याध्यापकांच्या समोर, त्यांच्या लेखी परवानगीनं, तीन रविवार बसून. फोटो शाळेच्याच संगणकावर ठेवले, कुणाच्या मोबाइलमध्ये एकही नाही, कारण त्यात लोकांची खासगी माहिती आहे. वर्षाप्रमाणे यादी केली. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला शासनानं न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली, तेव्हा राज्यभर शाळांच्या अडगळीतून अशी रजिस्टरं बाहेर आली, हे तुम्ही वाचलं असेल. आपल्या आजोबांच्या ओळी त्याच कपाटांत आहेत.

आता थोडं आपल्या घरातलं. जिल्हा परिषदेच्या शाळेत हिशोब विचारणं तुलनेनं सोपं आहे. अल्पसंख्याक संस्थेच्या शाळेत २०१२ च्या दुरुस्तीनं ही समिती फक्त सल्ला देणारी झाली. पुढे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठानं अशा शाळांना हा कायदाच लागू नाही असं म्हटलं. २०२५ मध्ये त्याच न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी त्या निकालाबद्दल शंका व्यक्त केली आणि प्रश्न मोठ्या पीठाकडे जावा म्हणून सरन्यायाधीशांपुढे ठेवला. ते जेव्हा सुटेल तेव्हा सुटेल. मधल्या काळात आपल्या संस्थांमध्ये पालकांना विचारायला कोण अडवतंय?

आपल्या समाजाला संस्था उभ्या करता येत नाहीत असं कुणी म्हणू नये. मुंबईत अंजुमन-ए-इस्लाम १८७४ ची. आपल्या जिल्ह्यात अक्कलकुव्याचा जामिया १९७९ मध्ये मोजक्या विद्यार्थ्यांवर सुरू झाला आणि पुढे तिथे तंत्रशिक्षणापर्यंतच्या संस्था झाल्या. पैसा देणारे हात आपल्याकडे कमी नाहीत. पण पालक म्हणून शाळेत जाऊन, मुलींच्या वर्गाला शिक्षिका का नाही, प्रयोगशाळेला कुलूप का आहे, असं विचारलं की उत्तर येतं, बेटा, घर की बात घर में रखो, कौम की बदनामी होती है. विचारणारा बहुधा अध्यक्षसाहेबांचा भाचा किंवा भाडेकरू असतो, तो गप्प बसतो. मी स्वतः एकदा गप्प बसलोय. आमच्या नात्यातल्या एका मुलीच्या शाळेची गोष्ट होती, आणि तिथे चार लोक ओळखीचे होते, म्हणून. सरकारी शाळेतल्या कडीबद्दल धीटपणे बोलणारा मी, तिथे मान खाली घालून चहा पिऊन आलो. त्या शाळेत आजही पालकांची सभा वर्षातून एकदाच, स्नेहसंमेलनाला होते. पुढच्या वर्षी मी विचारणार आहे. हे इथे तुमच्यासमोर बोललो ते मुद्दाम, म्हणजे मला मागे फिरता येऊ नये.

ज्यांची मुलं खासगी इंग्रजी शाळेत आहेत, त्यांनाही मोकळीक नाही. २०११ च्या शुल्क नियमन कायद्यानं तिथे पालक-शिक्षक संघ आणि त्याची कार्यकारी समिती हवी, आणि तिच्यात पालक चिठ्ठ्या काढून घ्यायचे असतात, शाळेच्या मर्जीतले निवडून नव्हे. फीवाढीचा प्रस्ताव त्या समितीपुढे यावा लागतो. नाव द्या, चिठ्ठी निघेल किंवा नाही.

आणि भाईलोकांसाठी एक. समितीत निम्म्या जागा बायकांच्या आहेत म्हणजे त्या तुमच्या बायकोच्या नावानं तुमच्या नाहीत. आमच्याकडे पहिल्या वर्षी दोन जण बायकोच्या जागी येऊन बसायचे. “ती बोलत नाही,” म्हणायचे. आम्ही नम्रपणे सांगितलं, तुम्ही बसा, पण सही त्यांचीच लागेल आणि त्या आल्या तरच. आता त्या येतात. एकीनं परवा मुख्याध्यापकांना विचारलं की वाचनालयाची पुस्तकं कपाटात का, मुलांच्या हातात का नाहीत. नवरा बाहेर मोटरसायकलवर बसून होता.

त्या अंगठा देणाऱ्या खालाही अजून समितीवर आहेत. मागच्या निवडीत त्यांनी स्वतः हात वर केला. अंगठाच देतात, पण आधी म्हणतात, “पढ के सुनाव.” एकदा घाईत मी अर्धंच वाचलं तर म्हणाल्या, “पूरा.”

आमची पुढची बैठक येत्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आहे. तुमच्यापैकी कुणाला नुसतं बघायला यायचं असेल तर मी मुख्याध्यापकांना विचारून ठेवतो. माझं बोलणं इथे थांबवतो, प्रश्न घेऊ. पहिला प्रश्न मागच्या रांगेतल्या बहिणींकडून. माईक तिकडे द्या.